मोठ्या कंपनीत ऑफिस अपग्रेड: शेवटचे नऊशे संगणक अडलेत, अनुभव सांगा

सह्यकडा (धागाकर्ता)

मंडळी, गेलं दीड वर्ष मी एकाच कामात आहे. आमच्या कंपनीतले सहा हजारांच्या आसपास संगणक मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस २०१६ (वर्ड, एक्सेल, आउटलुक) वरून त्याच्याच नव्या, सतत अपडेट होणाऱ्या मायक्रोसॉफ्ट ३६५ वर न्यायचे. मुख्यालय पुण्यात, चाकणला आणि नाशकात कारखाने, बाकी देशभर डेपो. काही डेपोंत बारा संगणक, काहींत दोनच.

१४ ऑक्टोबर २०२५ ला ऑफिस २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा आधार संपला, म्हणजे सुरक्षा दुरुस्त्या येणं थांबलं. त्याच दिवशी विंडोज १० चाही संपला, पण विंडोजला पैसे भरून मुदतवाढ तरी घेता येते. आमचे पाच हजार शंभर संगणक झाले. नऊशे उरलेत, आणि हे नऊशे आधीच्या पाच हजारांपेक्षा जड जातायत. म्हणून हा धागा.

आधी आमचं काय झालं ते सांगतो. पहिल्या फेरीत आम्ही आयटीतलेच दोनशे संगणक घेतले. काहीच अडलं नाही, आणि तीच आमची चूक. आयटीतला माणूस एक्सेल उघडतो ते यादी बघायला. एक्सेलवर ज्याचं पोट आहे तो तिथे नव्हताच. दुसऱ्या फेरीत साडेतीनशे संगणक घेतले, त्यात हिशेब विभाग आणि डिस्पॅच होता. सोमवारी सकाळी साडेनऊला पहिला फोन आला. अकरा वाजता चाकणच्या गेटवर ट्रक उभे होते, कारण भाड्याचं बिल निघत नव्हतं.

बिल निघायचं ते एका एक्सेल फाइलमधून. २००९ साली आमच्या एका स्टोअरकीपरने स्वतः शिकून मॅक्रो, म्हणजे एक्सेलमधलं काम आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम, लिहिले होते. ते गृहस्थ निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. ऑफिस ३२-बिट आणि ६४-बिट अशा दोन घडणींत येतं. फाइल जुन्या ३२-बिट ऑफिसवर चालायची, आम्ही ६४-बिट टाकलं. ऑफिस २०१९ पासून काही न सांगता इन्स्टॉल केलं की ६४-बिटच येतं, आणि आम्ही काही सांगितलं नव्हतं. उघडल्या उघडल्या संदेश आला की या प्रकल्पातला कोड ६४-बिटसाठी सुधारायला हवा. विंडोजच्या फंक्शनला हाक मारणाऱ्या प्रत्येक डिक्लेअर ओळीत ‘पीटीआरसेफ’ (ही ओळ ६४-बिटवर चालेल, अशी खूण) हवं होतं, ते नव्हतं. तारीख निवडायचं जुनं कॅलेंडरही ३२-बिटपुरतंच बनलेलं, ६४ मध्ये ते दिसतच नाही.

त्या दिवशी तीन संगणक परत ३२ वर नेले आणि ट्रक सोडले. मग त्या काकांना फोन केला. साताऱ्याजवळच्या गावाहून ते एसटीने आले, दोन दिवस बसले आणि एकेक ओळ समजावून सांगितली. फाइलमध्ये ‘जकात’ नावाचा एक रकाना होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून त्यात शून्यच आहे, पण पुढची चार सूत्रं त्या रकान्यावर उभी आहेत, म्हणून कोणी हात लावला नव्हता. अपूर्णांक वरच्या आकड्यात न्यायचा की खालच्या, हा नियमही तिथेच. एका वाहतूकदाराशी कधीकाळी तोंडी ठरलेला, कुठल्याच करारात नसलेला.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. ऑफिस बदलणं म्हणजे सॉफ्टवेअर ढकलणं नाही. कंपनीचं कुठलं काम कुठल्या फाइलवर टांगलंय आणि ती फाइल कुणाला कळते, याचा शोध आधी, इन्स्टॉलर नंतर.

आता प्रश्न. उरलेल्यांना ३२-बिट द्यावं का ६४? अपडेटचे मायक्रोसॉफ्टने ठरवलेले मार्ग आहेत, त्यांतला मासिक घ्यावा का सहामाही? आणि ज्या डेपोंत इंटरनेटची लाइन बारीक आहे, तिथे तुम्ही काय करता?

---

जमाखर्च

मी आयटीतली नाही. एका मोठ्या समूहाच्या हिशेब विभागात अठरा वर्षं आहे. त्या सोमवारी फोनच्या दुसऱ्या बाजूला माझ्यासारखंच कोणीतरी असणार, म्हणून लिहितेय.

आमच्या आयटीने एकदा अभिमानाने सांगितलं की आम्ही मायक्रोसॉफ्टचे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारचे अपडेट लगेच बुधवारी लावतो. मी कॅलेंडर पुढे केलं. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या मध्येच कधीतरी येतो. अमेरिकेतल्या सकाळी ते निघतात, तेव्हा आपल्याकडे रात्र असते, म्हणजे आमच्या टेबलावर बुधवारी, ९ ते १५ च्या मध्ये. ७ ला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरण), १५ ला पीएफ, वर्षातून चार वेळा त्याच १५ ला आगाऊ कर. २० ला जीएसटीचं ३-बी विवरण. तुम्ही बरोबर आमच्या मानेवर येता.

त्यांना खरंच हे माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. आता आम्हाला २१ ते २५ ही खिडकी मिळाली आहे. २५ नंतर पगाराचं काम सुरू होतं. आणि १५ मार्च ते १५ एप्रिल नवीन काहीही नाही, हे लेखी आहे.

सह्यकडा, तुमच्या यादीत ‘महिन्यातून एकदाच उघडणारी फाइल’ असा रकाना आहे का? रोजची फाइल मोडली तर सोमवारीच कळतं. वर्षातून एकदा उघडणारी फाइल मोडली की मार्चच्या तिसाव्या रात्री कळतं.

---

किल्लेदार

जमाखर्च ताई, कॅलेंडर पटलं. पण सुरक्षेचं काम बघणारा म्हणून एका गोष्टीला ठाम विरोध. ९ तारखेला आलेली सुरक्षा दुरुस्ती २१ पर्यंत सरसकट थांबवू नका.

मार्च २०२३ मध्ये आउटलुकमधलं एक भोक बुजवलं गेलं. वापरणाऱ्याने काही क्लिक करायची गरज नव्हती. खास बनवलेली मेल यायची, तिच्यातल्या स्मरणसूचनेचा आवाज वाजवायला आउटलुक बाहेरच्या सर्व्हरकडे जायचं, आणि जाताना वापरणाऱ्याच्या ओळखीचा हॅश (पासवर्डपासून बनलेला सांकेतिक ठसा) त्या सर्व्हरला देऊन यायचं. दुरुस्ती येण्याच्या आधीपासून त्याचा गैरवापर चालू होता. अशा वेळी बारा दिवस म्हणजे बारा दिवस दार उघडं.

वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसला रोखणारी दुरुस्ती १४ मार्च २०१७ ला आली होती, हल्ला १२ मे ला झाला. मध्ये ५९ दिवस. ज्यांनी त्या ५९ दिवसांत ती लावली नाही त्यांचे संगणक गेले. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला आणि आपल्या जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. न्हावा-शेव्याच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगा लागल्या. ही परदेशातली गोष्ट नाही.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करा. नवी वैशिष्ट्यं वेगळी आणि सुरक्षा दुरुस्ती वेगळी. सहामाही मार्गात वैशिष्ट्यं जानेवारी आणि जुलैतच येतात, सुरक्षा मात्र दर महिन्याला येते. हिशेब विभागाला तो मार्ग द्या, म्हणजे बटणं हलत नाहीत आणि भोकंही बुजतात. बाकीच्यांना मासिक एंटरप्राइझ मार्ग, त्यात दोन्ही महिन्यातून एकदा येतं. सगळ्यात वेगवान ‘करंट’ मार्ग फक्त आयटीतल्या आणि हौसेने तयार असलेल्या लोकांना.

आणखी एक. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. त्या सहा तासांत ‘आपल्याकडे जुन्या आवृत्तीचे नेमके किती संगणक आहेत, कुठे आहेत’ याचं उत्तर देता यायला हवं. ज्यांच्याकडे यादी नाही त्यांचे सहा तास यादी करण्यातच जातात.

---

आडवाट

किल्लेदार, नॉटपेट्याचं उदाहरण तुम्हीच दिलंत म्हणून बोलतो. तो पसरला कशातून? युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. ज्यांनी इमानदारीने अपडेट लावला त्यांच्याच घरात तो शिरला.

आणि १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीने आपल्या वेळेनुसार सकाळी ९:३९ ला एक सदोष फाइल सोडली. ७८ मिनिटांत त्यांनी ती मागे घेतली, पण तोवर जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. मागे घेतलेल्या फाइलचा अडकलेल्या यंत्राला काही उपयोग नव्हता. माणसाला एकेका यंत्रापाशी जाऊन ती फाइल काढावी लागली.

मी ‘लावू नका’ म्हणत नाही, ‘सगळ्यांना एकदम नको’ म्हणतो. आमच्याकडे चार फेऱ्या आहेत. बुधवारी आयटी. शुक्रवारी प्रत्येक विभागातला एक माणूस, आणि तो विभागातला सगळ्यात जास्त मॅक्रो वापरणाराच हवा, ही माझी अट. पुढच्या आठवड्यात तिसरा हिस्सा, मग उरलेले. सह्यकडांची पहिली फेरी फसली ती इथेच. चाचणीला माणसं सोयीची निवडली, अडचणीची निवडली नाहीत.

मागे जायची वाटही आधी चालून बघा. नव्या पद्धतीने बसणाऱ्या (क्लिक-टू-रन) ऑफिसला मागच्या आवृत्तीचा क्रमांक देऊन परत नेता येतं. पण परत नेल्यावर अपडेट तात्पुरते बंद केले नाहीत तर रात्रीत ते पुन्हा पुढे जातं. आम्ही हे एकदा भोगलंय. संध्याकाळी मागे आणलेले चाळीस संगणक सकाळी पुन्हा पुढे गेले होते.

---

किल्लेदार

आडवाट, फेऱ्यांना विरोध नाहीच. फक्त शेवटची फेरी किती दिवसांत संपणार ते आकड्यात लिहा. आमच्याकडे साध्या महिन्यात चौदा दिवस. भोकाचा वापर सुरू झाल्याची खबर असेल तर बहात्तर तास, आणि तेव्हा कॅलेंडर बाजूला.

---

जमाखर्च

बहात्तर तास मान्य. पण तेव्हा फोन करून सांगा, नुसती मेल नको. ११ तारखेला मी मेल वाचत नाही.

---

तळकोकण

बारीक लाइनीबद्दल मी लिहितो, कारण आमचं सगळं आयुष्य त्यातच गेलंय. सहकारी बँकेत आहे, शाखा सिंधुदुर्गापासून कोल्हापूरच्या डोंगरी भागापर्यंत.

आधी गणित. पूर्ण इन्स्टॉल तीन जीबी धरा. शाखेची लाइन २ एमबीपीएस. तीन जीबी म्हणजे २४,००० मेगाबिट, म्हणजे १२,००० सेकंद, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. एका संगणकाला, तेही लाइनवर दुसरं काहीच चालू नसेल तर. आठ संगणक म्हणजे जवळजवळ सत्तावीस तास. आणि त्याच लाइनवर काउंटरचे व्यवहार. खातेदार समोर उभा असताना मी त्याची लाइन ऑफिसला देऊ शकत नाही.

म्हणून पहिलं इन्स्टॉल आम्ही लाइनवरून केलंच नाही. मुख्यालयात डिप्लॉयमेंट टूल या मायक्रोसॉफ्टच्या साधनाने एकदाच सगळं उतरवून घेतलं, बाहेरच्या डिस्कवर भरलं, आणि शाखेत नेमाने जाणाऱ्या तपासनिसांच्या हाती दिलं. कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये आम्ही तीन गोष्टी लिहिल्या होत्या. स्रोत डिस्कवरचा घ्यायचा, जुन्या पद्धतीने बसवलेलं (एमएसआय) ऑफिस आधी काढायचं, आणि ३२ की ६४ ते स्पष्ट सांगायचं. हे तिसरं लिहिलं नाही तर तुमच्यासारखं होतं.

पुढचे मासिक अपडेट फरकापुरतेच उतरतात, ते लाइनला झेपतं. त्यातही डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन चालू करून ठेवलंय. शाखेत एक संगणक उतरवून घेतो, बाकीचे त्याच्याकडून घेतात.

पण आमची खरी अडचण वेगळीच निघाली. पहिले तीन महिने अहवालात बावीस शाखा कायम मागे. आम्ही सर्व्हर तपासला, लाइन तपासली, सगळं ठीक. शेवटी मी स्वतः एका शाखेत संध्याकाळपर्यंत बसलो. सहा वाजता शिपाईमामांनी शटर ओढण्याआधी मेन स्विच बंद केला. पंचवीस वर्षं ते करतायत. शॉर्टसर्किटची भीती, वीजबिल, आणि त्यांच्या दृष्टीने ते अगदी बरोबर. आमचा अपडेट रात्री दोनचा लावलेला.

त्यांना कोणी दोष दिला नाही. एका संगणकाची वायर वेगळ्या स्विचवर घेतली, त्यावर लाल चिकटपट्टी लावली आणि शाखाधिकाऱ्यांना सांगितलं की हा बंद करायचा नाही. तो रात्री उतरवून घेतो, बाकीचे दुपारी जेवणाच्या वेळेत त्याच्याकडून. बावीसपैकी एकोणीस शाखा महिन्याभरात रांगेत आल्या.

---

फोनवाला

मी हेल्पडेस्कवर बसतो. तुम्ही सगळे फेऱ्या आणि मार्ग म्हणताय, माझ्यापर्यंत येतं ते असं: “अहो, पत्र दुसऱ्या पानावर का जातंय?”

कारण नव्या ऑफिसमध्ये मूळ फाँट बदललाय. २००७ पासून कॅलिब्री होता, आता ॲप्टॉस. त्याची अक्षरं जरा रुंद, एका पानाचं पत्र दीड पान होतं. छापील लेटरहेडवर सही खाली यायची ती मागच्या पानावर गेली. तीन दिवसांत असे साठ फोन. हे आधी माहीत असतं तर विभागाचे साचे जुन्या फाँटवर बांधून देता आले असते.

दुसरे फोन लाल पट्टीचे. इंटरनेटवरून किंवा मेलवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो २०२२ च्या जुलैअखेरपासून आपोआप अडवले जातात. पिवळ्या पट्टीवर ‘चालू करा’ असं बटण असायचं, लाल पट्टीवर ते नसतंच. मग एकजण शिकतो की फाइलवर उजवी टिचकी मारून अडवणूक काढता येते, आणि संध्याकाळपर्यंत मजला शिकतो. आता मजला कुठल्याही पुरवठादाराच्या फाइलला तेच करतो. जे बंद करायला ही पट्टी आणली तेच आपण लोकांना शिकवून बसलो. किल्लेदार, यावर काय करता?

---

किल्लेदार

तो मार्ग धोरणाने पूर्ण बंद करायचा, पण कामाच्या फायलींना आधी घर द्यायचं. ज्या मॅक्रो फायली कंपनीच्या आहेत त्यांवर कंपनीचं डिजिटल प्रमाणपत्र, किंवा त्या एका ठरावीक विश्वसनीय फोल्डरमध्ये. त्या फोल्डरमध्ये लिहायचा हक्क दोघातिघांनाच, बाकी सगळ्यांना फक्त वाचायचा. आधी घर, मग कुलूप. उलट केलंत तर लोक खिडकीतून येतात, आणि त्यांचं चुकत नाही, कारण त्यांना काम उरकायचं असतं.

---

गणितवेडा

परीक्षा विभागात काम करतो, म्हणून एक जुनी जखम सांगतो. वर्डमधलं गणिती समीकरणं लिहायचं जुनं इक्वेशन एडिटर. त्याचा प्रोग्रॅम नोव्हेंबर २००० मध्ये बांधलेला होता आणि तसाच सतरा वर्षं ऑफिससोबत येत राहिला. २०१७ मध्ये त्यात गंभीर भोक सापडलं, जानेवारी २०१८ च्या अपडेटने तो घटकच काढून टाकला. आमच्या पंधरा वर्षांच्या प्रश्नपेढीतली समीकरणं दिसत होती, छापताही येत होती, पण दोन वेळा टिचकी मारली तर उघडत नव्हती. एका वर्गमुळाखालचा आकडा बदलायला पूर्ण समीकरण नव्याने लिहायचं. चाळीस प्राध्यापकांनी दोन सुट्ट्या त्यात घातल्या.

सुरक्षेसाठी ते काढणं बरोबरच होतं, माझी तक्रार ती नाही. आमच्याकडे कुणी आगाऊ येऊन ‘तुमच्या कागदांत हे किती आहे’ एवढं विचारलं असतं तर आम्ही मे महिन्यातच ते काम काढलं असतं. आज हेच पब्लिशर या ऑफिसमधल्या पत्रिका-पुस्तिका मांडायच्या प्रोग्रॅमबद्दल सांगतो. त्याचा आधार ऑक्टोबर २०२६ मध्ये संपतोय. निमंत्रणपत्रिका, प्रमाणपत्रं, स्मरणिका ज्यांच्या त्यात आहेत त्यांनी आत्ताच पीडीएफ आणि वर्डमध्ये काढून ठेवा.

---

अक्षरवेल

मराठी कागदांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलते. आमच्या संस्थेत १९९८ पासूनचा पत्रव्यवहार जुन्या फाँटांत आहे. डीव्हीबी-टीटी योगेश, श्री-लिपी, थोडं आकृती. नव्या संगणकावर तो फाँट नसेल तर फाइल उघडते आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा ढीग दिसतो. नव्या पिढीतल्या एका मुलाला वाटलं फाइल खराब झाली, आणि त्याने ती काढून टाकली. ते एका जमिनीच्या वादातलं टिपण होतं. सुदैवाने कागदावरची प्रत होती.

अपग्रेडच्या निमित्ताने आम्ही सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर दिसणाऱ्या प्रमाण संकेतात, नेलं. परिवर्तक वापरले, नव्वद टक्के काम होतं, उरलेलं डोळ्यांनी. वेलांट्या सरकतात, अवतरणचिन्हं भलतीच येतात, जोडाक्षरं फुटतात. पण मी इथे लिहितेय ते एका वेगळ्याच सापळ्याबद्दल.

‘कऱ्हाड’, ‘गोऱ्हे’, ‘दुसऱ्या’ यांतला ऱ्ह आणि ऱ्य युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक नुक्त्याच्या ऱ ने, दुसरा साध्या र ला हलंत देऊन मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. एक्सेलला मात्र ते दोन वेगळे शब्द. आमच्या तालुकावार यादीत एक बाजू परिवर्तकातून आलेली, दुसरी नव्याने टाइप केलेली. दोन याद्यांतल्या नोंदी जुळवणाऱ्या व्हीलूकअप सूत्राने कऱ्हाडच्या एकाही नोंदीला जोडी दिली नाही. तीन दिवस आम्ही सूत्र तपासत होतो. सूत्र बरोबर होतं.

आता आयात केल्यावर पहिलं काम म्हणजे शोधा-आणि-बदला करून सगळ्यांना एकाच तऱ्हेवर आणणं. सह्यकडा, नाशिकच्या कारखान्यात कामगारांची नावं मराठीत असतील तर हे आजच बघा.

---

एल्बेकाठ

मी हॅम्बुर्गला राहते. इथे अगदी शेजारच्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलं की सरकारी कामाचे तीस हजार संगणक लिबरऑफिस या मोफत, मुक्त ऑफिसवर नेणार. आपल्याकडे हे वाचून बरेच जण म्हणतात की मग अपग्रेडची कटकटच संपली. तसं नाही, म्हणून लिहितेय. लिबरऑफिसची मोठी आवृत्ती वर्षाला दोनदा येते, साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये. परवान्याचे पैसे वाचतात, आपल्या कागदांवर आपला ताबा राहतो, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. पण सह्यकडांच्या भाड्याच्या बिलाचा मॅक्रो तिथेही आपोआप चालणार नाही, आणि ती फाइल ज्यांना कळते ते काका तिथेही लागणारच.

म्युनिकची गोष्ट इथे सगळे सांगतात. लिनक्स आणि मुक्त ऑफिसवर गेलेलं शहर, २०१७ मध्ये नगरपरिषदेने परत विंडोजकडे जायचं ठरवलं. त्यामागे राजकारण होतं, तंत्रही होतं, वाद आजही आहे. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की कुठल्याही दिशेने जा, साचे आणि मॅक्रो यांची मोजदाद टळत नाही.

---

आडवाट

३२ की ६४ राहिलंच. माझं मत: ६४ हा नियम, ३२ हा अपवाद, आणि अपवादाला मुदत. एका यंत्रावर दोन्ही एकत्र राहत नाहीत हे लक्षात ठेवा, जुनं व्हिजिओ (आकृत्या काढायचा प्रोग्रॅम) ३२-बिट असेल तर तेही आडवं येतं. जेट या जुन्या डेटाबेस यंत्रणेवर चालणारे ॲक्सेस डेटाबेस असतील तर त्या जोडणीचा ६४-बिट अवतारच नाही, जोडणी एसीई या तिच्या जागी आलेल्या यंत्रणेवर न्यावी लागते.

आणि जुन्या .एक्सएलएस फायली आहेत तशा ठेवण्याचा मोह टाळा. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये सुमारे सोळा हजार कोविड रुग्णांच्या नोंदी वेळेत पुढे गेल्याच नाहीत, कारण मधली फाइल जुन्या स्वरूपाची होती. त्यात ६५,५३६ ओळीच मावतात, नव्यात १०,४८,५७६. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना उशिरा कळलं. तिथे अंगावर आलं ते फाइलचं जुनं स्वरूप.

---

सह्यकडा

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी परत येतोय, काय केलं ते सांगतो.

नऊशेची यादी पुन्हा काढली, या वेळी संगणकांची नाही, कामांची. प्रत्येक डेपोत आणि विभागात फोन करून एकच प्रश्न: “कुठली फाइल उघडली नाही तर तुमचं काम थांबेल, आणि ती शेवटची कधी उघडली होती?” जमाखर्च ताईंचा रकाना घातला. मॅक्रोच्या २१४ फायली निघाल्या. त्यांतल्या ६१ फायली अशा, की त्या वर्षातून एकदाच उघडतात. संगणक तपासणाऱ्या आमच्या साधनाने आधी यांतल्या निम्म्याही पकडल्या नव्हत्या, कारण त्या लोकांच्या पेन ड्राइव्हवर होत्या.

१३० संगणकांना ३२-बिट दिलं, ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत. प्रत्येकासमोर फाइलचं नाव आणि ती सुधारणाऱ्याचं नाव. बाकी सगळे ६४. हिशेब आणि पगार सहामाही मार्गावर, उरलेले मासिकवर. साध्या महिन्यात हिशेब विभागाला २१ ते २५, पण किल्लेदारांचे बहात्तर तास धोरणात लिहून घेतले, आणि शेजारी ‘फोन करून’ हे शब्दही.

अक्षरवेल ताई, नाशिकला तपासलं. कामगारांच्या यादीत ऱ्ह असलेली सतरा नावं होती. चौदांची जोडी लागत नव्हती. त्यांचा कॅन्टीनचा हिशेब गेले चार महिने हाताने होत होता, आणि तिथल्या बाईंना वाटत होतं त्यांच्याकडूनच काहीतरी चुकतंय. आता लागतेय.

तळकोकण, लाल चिकटपट्टी आमच्या अकरा डेपोंत लागली.

---

फोनवाला

एक विचारायचं होतं. त्या साताऱ्याच्या काकांना मानधन दिलंत ना?

---

सह्यकडा

हो. पहिल्या खेपेला प्रवासखर्च आणि जेवण एवढंच झालं होतं, ते मलाच डाचत होतं. आता सल्लागार म्हणून रीतसर पत्र काढलंय, महिन्याला चार दिवस. जकातीचा रकाना त्यांनीच परवा काढला. काढण्याआधी २०१७ पूर्वीची दोन बिलं नव्या फाइलमधून काढून जुन्या छापील बिलांशी ताडून बघितली, पैशापर्यंत जुळली. दोन शिकाऊ मुली त्यांच्या शेजारी बसून प्रत्येक सूत्रासमोर मराठीत टिपण लिहितायत.

---

जमाखर्च

त्या टिपणाचा नमुना द्याल का? आमच्याकडे अशा तीन फायली आहेत, आणि त्या तिन्ही फक्त मला कळतात. मी २०२८ मध्ये निवृत्त होतेय.

---

सह्यकडा

ताई, व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवतो. आज रात्रीच.